गळती थांबली

चि. वसंतास, राजपुऱ्याहून बाबांचे आशीर्वाद.

तुझ्या महाराजांचं संस्थान विलीन झालं, तेव्हापासून त्यांनी तुझ्यावर सोपवलेली बुटकी विलायती गाडी आपल्या शेडमध्ये तेल गाळते आहे. म्हणून तू दर महिन्याला इंदूरहून इंजिनाच्या सांध्यात बसवायचं नवं पॅकिंग घेऊन येतोस. तुझी आई म्हणते, "गळू द्या हो, पोरगं जेवून तरी जातं!"

काल कारण सापडलं. इंजिनाची दम सोडायची नळी कुंभारमाशीच्या मातीने बुजली होती. आत कोंडलेला वारा तेलाला बाहेर ढकलायचा. तारेने माती काढली. आज गाडीखालचा पुठ्ठा कोरडा आहे आणि मी सकाळपासून येरझारा घालतो आहे. बरी झाली की गाडी मुंबईला विकायची, असं तूच म्हणालास. मग इकडे कशाला येशील?

हे पत्र पोस्टात टाकत नाही. रविवारी पॅकिंग घेऊन येशील, तेव्हा आधी जेव, बाळा. मग गाडीखाली वाक.

तुझा बाप,
कौतिक