नागीण आणि मधाची बाटली

नाशिक, चैत्र शुद्ध पंचमी

ती. सावळीरामदादास यमुनाचा वाकून नमस्कार.

कंडक्टरबरोबर पाठवलेली मधाची बाटली आणि शेवग्याच्या शेंगा पोचल्या. त्याला चहाला आठ आणे दिले.

आनंदाची गोष्ट म्हणजे यांच्या कमरेवरची नागीण सुकली. तिचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस जातो, म्हणून सासूबाई रोज मधलं अंतर बोटांनी मोजत होत्या. डॉक्टर म्हणाले, "आजी, हा विषाणूचा रोग. वेढा पडून कुणी जात नाही. मधात विषाणूला अडवणारं काही आहे का, ते संशोधक तपासताहेत, अजून पक्कं नाही. फोडांवर मध लावा, पण माझं औषध सोडू नका."

मी दोन्ही लावलं. दुपारी हे जरा पडले, तर अंथरुणात मुंग्यांची रांग. म्हणाले, "नागिणीने सोडलं, आता मुंग्या नेणार." सासूबाईसुद्धा हसल्या. मग खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले.

श्रेय मी देवीला, डॉक्टरांना आणि तुझ्या मधमाश्यांना सारखं वाटून दिलंय. कधीकधी अजून ठणकतं, ते आईला सांगू नकोस.

जावई बरे होईपर्यंत तिने भात सोडलाय ना? पत्र मिळताच तिला तूप-भात वाढ, आणि तिने खाल्ला की उलट टपाली कळव.

तुझी धाकटी,
यमुना