ट्रिगरचा स्क्रू कोण फिरवतंय?

३ मार्च
जमला! ट्रिगर जमला! दातांच्या कवळ्या करताना लॅबमध्ये वापरते त्याच बारीक पान्याने स्क्रू पाव फेरा सैल केला आणि काय सांगू — टक्! माझं एअर पिस्तूल अखेर माझं ऐकायला लागलं. मग संध्याकाळभर छर्रा न घालता, कोऱ्या भिंतीवर नेम धरून नुसतं टक्, टक्. कोच म्हणतात, या सरावाला पर्याय नाही. ट्रिगर सुटताना नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायची खूण, हलता कामा नये.

क्लबच्या संघात एकच जागा उरलीय. चाचणी सोळाला. ती जागा मला हवीय. हवीच!

नवरा म्हणाला, "त्या भिंतीने तुझं काय घोडं मारलंय?"

५ मार्च
ट्रिगर पुन्हा जड. असं कसं? स्प्रिंगचाच घोळ असणार. परत सैल केला.

६ मार्च
पुन्हा जड!! ही स्प्रिंग नाही, भुताटकी आहे. नवऱ्याला विचारलं. "मी? मला टूथपेस्टचं झाकण लावता येत नाही, असं तूच म्हणतेस ना?" खरंय.

८ मार्च
लॅबमधून लवकर सुटले. दार उघडते तर सासूबाई माझ्या जागेवर! डावा हात गाऊनच्या खिशात, उजवा ताठ, नजर भिंतीवर. टक्! नळी तसूभर हलली नाही.

"आत छर्रा नाहीये गं, आधी बघितलंय मी." चोरी पकडली गेली आणि बाई सुरक्षेचे नियम सांगतायत!

"आई, स्क्रू तुम्ही फिरवता?"

"मग काय! शिंकलं तरी सुटेल इतका हलका करून ठेवतेस."

जन्मभर टायपिंगचा क्लास चालवलाय त्यांनी. बोट हलवायचं, मनगट नाही, हे त्यांना कोण शिकवणार? दोघी इतक्या हसलो की जमिनीवर फतकल मारून बसलो.

११ मार्च
दोघींचा सराव जोरात, भांडणही. मी सैल करते, त्या घट्ट करतात. गंमत म्हणून चाचणीला त्यांचंही नाव देऊन टाकलं. कोच म्हणाले, "येऊ द्या की!"

१५ मार्च
उद्या चाचणी!

१६ मार्च, दुपार
तपासणीच्या टेबलावर पिस्तूल उभं धरून ट्रिगरला अर्ध्या किलोचं वजन अडकवतात. ट्रिगर न सुटता ते अलगद वर उचललं गेलं पाहिजे. माझ्या वेळी वजन टेबलावरच, आणि ट्रिगर — टक्! नियमापेक्षा हलका. सकाळी गुपचूप आणखी सैल केला होता ना! अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

"आण इकडे," म्हणून आईंनी पाना घेतला आणि स्क्रू त्यांच्या मापाने आवळला. पास! पण मग नेम धरून मी दाबतेय, दाबतेय, सुटतच नाही. शेवटी सुटला तेव्हा नेम केव्हाच ढळला होता. माझ्यानंतर तेच पिस्तूल घेऊन आई उभ्या राहिल्या. मला बघवेना, बाहेर येऊन बसलेय. निकाल चारला.

१६ मार्च, संध्याकाळ
यादीत आडनाव आमचंच. नाव आईंचं! थोडा वेळ फार वाईट वाटलं, अगदी रडू फुटेपर्यंत. मग फलकासमोर त्या चक्क उड्या मारताना दिसल्या, आणि मीही मारल्या.