शहर की उपनगर : अंतिम निर्णय

३ मार्च, रविवार
आजपासून ही वही फक्त घराच्या निर्णयासाठी. घरमालकांची मुलगी परत येतेय. मेअखेर जागा सोडा म्हणाले. आवाज मवाळ होता, म्हणजे विचाराला भरपूर वेळ आहे. तेरा वर्षं भाड्यानं राहिलो, आता स्वतःचं घर. प्रश्न एवढाच की भर शहरात घ्यायचं की उपनगरात. असले प्रश्न वाद घालून सुटत नाहीत. त्यासाठी तक्ता लागतो. १५ मार्चला निर्णय. पक्का.

५ मार्च
तक्ता तयार. एकवीस रकाने, प्रत्येक जागेला शंभरपैकी गुण. बायकोला दाखवला. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये असते, सकाळी साडेसहाची ड्युटी. चष्मा न लावताच बघितला आणि म्हणाली, "छान आहे." तिचा पूर्ण पाठिंबा आहे.

१० मार्च, रविवार
शहरातला फ्लॅट पाहिला. तिसरा मजला, दोन खोल्या, लिफ्ट नाही. मी लिफ्ट तपासणी खात्यात निरीक्षक. अशा इमारतीत राहणं माझ्या हुद्द्याला शोभत नाही, असं एजंटला ऐकवलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात काढला तर शेजारच्या इमारतीच्या भिंतीला लागतो. लावून पाहिला.
मधेच बायको गायब. हॉस्पिटलपर्यंत चालत जाऊन आली. नऊ मिनिटं जायला, नऊ यायला. जिना चढून आली तरी हसत होती. याला भावनेच्या भरात वाहून जाणं म्हणतात. तक्त्यात बसत नाही.

१७ मार्च, रविवार
(१५ तारीख मुद्दाम जाऊ दिली. उपनगर न बघता निर्णय घेणं म्हणजे उपनगरावर अन्याय.)
सातवा मजला. दोन लिफ्ट, दोन्ही ठणठणीत. बाल्कनी, मोकळी हवा. अर्धा तास एकटाच उभा राहिलो. कोणी काही विचारत नव्हतं, फार बरं वाटलं. बायको म्हणाली, इथून मला पहाटे चारला उठावं लागेल. होते सवय, म्हटलं. मुलगी अकरावीत आहे. ती मोबाइलला रेंज येते का बघत फिरत होती, अचानक म्हणाली, "बाबा, तुला नक्की काय हवंय?" अत्यंत मूलभूत मुद्दा. घरी येऊन तशा नावाचा रकाना वाढवला. सध्या कोरा आहे.

२८ मार्च
बेरीज झाली. शहर पन्नास, उपनगर पन्नास. तक्ता किती निःपक्षपाती आहे याचा पुरावाच.
बायको म्हणाली, "मी दमलेय रे." खरंच की, दमणुकीचा रकाना राहूनच गेला होता. घातला. शहराला चार गुण मिळाले. मग समतोल जाईल म्हणून 'मोकळी हवा' चार गुणांनी वाढवली.

९ एप्रिल, सकाळी ११.४०
प्रत्यक्ष प्रयोग. पहाटे उपनगरात जाऊन तिथून ऑफिसची बस धरली. बसल्याबसल्या झोप लागली ती थेट डेपोत कंडक्टरनं हलवल्यावर उडाली. ऑफिसात दोन तास उशीर. निष्कर्ष असा की त्या बसमध्ये झोप उत्तम लागते. उपनगराला दोन गुण.

१८ एप्रिल
शहरातला फ्लॅट गेला. एजंटनं फोनवर दोन वाक्यांत सांगितलं. आज 'साहेब' म्हणाला नाही. बायकोला सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती. चिरत राहिली. मी म्हटलं, आता तर निर्णय सोपा झाला. ती म्हणाली, "हो. झाला." कित्येक महिन्यांत पहिल्यांदा आमचं एकमत.

२९ एप्रिल
उपनगरातला फ्लॅटही गेला. डुलकीनं घेतला. डुलकी म्हणजे ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावरचा. जेवणानंतर डोळे मिटून पडतो. महिनाभर त्याला तक्ता समजावून सांगत होतो. मला वाटायचं, झोपलाय. आज पेढ्यासारखं तोंड करून म्हणाला, "तुमच्यामुळे डोकं चालवावं लागलं नाही हो." माझी पद्धत अचूक आहे हे यातून सिद्ध झालं. तसं बायकोला सांगितलं. तिनं टीव्हीचा आवाज वाढवला नाही, कमीही केला नाही.

१२ मे, रविवार
बायकोनं हॉस्पिटलजवळ जागा भाड्यानं घेतली. मला न विचारता. म्हणाली, "मार्चपासून विचारत होते. तेरा वर्षं धर हवं तर."
मी विचारलं, तिघांना पुरेल?
"दोघींना पुरेल."
"आणि मी?"
"तू ठरव. तुला वेळ लागतो. घाई नाही."
भांडली नाही. रडली नाही. कपड्यांच्या घड्या घालत बोलत होती. माझे शर्ट तिनं वेगळे ठेवले, बाह्या आत दुमडून, नेहमीसारखे. घाई नाही म्हणाली, हा तिचा समजूतदारपणा. काय वाटलं ते लिहायला बसलो, पण काहीच वाटत नव्हतं. पंखा तीनवर होता. जेवलो.

२६ मे, रविवार
टेम्पो आला. त्यांचं सामान आधी भरलं. माझी पाच खोकी भिंतीला लावून ठेवली होती, मुलीनं त्यांवर मार्करनं 'बाबा' लिहिलं होतं. अक्षर सुधारलंय तिचं. जाताना तिनं मिठी मारली. माझ्या एका हातात टेबलफॅन होता, खाली ठेवायचं सुचलं नाही.
सध्या थोरल्या भावाकडे, बाहेरच्या खोलीत. वहिनींनी विचारलं, "किती दिवस भाऊजी?" पंधरा, म्हटलं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

९ जून, रविवार
मुलीचा फोन आला होता. आई म्हणते संध्याकाळी ये.
गेलो. तळमजला, दोन खोल्या. पडदे लागलेत, निळे. हिला निळा रंग आवडतो हे मला माहीत नव्हतं. ही दुपारी झोपून उठली होती, चेहरा ताजा. बरी दिसते. तिला तसं सांगायचं होतं, पण मी तक्त्याविषयीच बोललो. नवीन करतोय, तीस रकाने. ती ऐकत होती. मध्ये एकदा म्हणाली, "बरं."
मुलीनं चहा आणला. बशीसकट. आमच्याकडे घरच्यांना नुसता कप देतात. बशी पाहुण्यांना.
मी चहा प्यायलो. साखर बरोबर होती. निघताना दोघी दारापर्यंत आल्या, आणि ही म्हणाली, "येत जा."