सहा आठवड्यांची फुलं

टॅम्सिन, माझ्या पोरी,

शेवटचं सुकलेलं फूल कापायला कात्री उघडली, तेवढ्यात कुंपणापलीकडून डॉर्कस ओरडली, "ऑड्री, नोव्हेंबर लागला! आता त्या झाडाला तरी निजू दे की, छळवादी कुठली!"

मी हसले. खरं कारण तिला सांगितलं नाही.

तुझ्या नवऱ्याला मी दारातूनच परत पाठवलं, त्या दिवशी तू म्हणालीस, "आई, दारातला गुलाब फुललेला असेल, तेव्हा कधीतरी येईन."

गुडघ्याएवढं झाड ते. सुकलेलं फूल वेळीच कापलं की सहा आठवड्यांत पुन्हा कळ्या येतात. राहू दिलं तर फळ धरतं आणि बहर थांबतो. म्हणून चार वर्षं मी त्याला फळ धरू दिलं नाही. तू जूनमध्ये ये, नाहीतर ऑक्टोबरमध्ये, फूल दिसायला हवं होतं. माफीची एक ओळ मात्र तुला लिहिली नाही. कात्री चालवणं सोपं होतं.

झाडावर दोनच कळ्या उरल्यात. आज कापलं तर त्यानंतरची कळी नाताळच्या गोठत्या थंडीत येणार, म्हणजे येणारच नाही. मी कात्री मिटली.

चुकलेली,
तुझी आई

ता. क. रात्री दव गोठलं. सकाळी उरलेल्या दोन कळ्या काळ्या पडल्या होत्या. हे पत्र घेऊन टपालपेटीपर्यंत गेले आणि ते तसंच घेऊन परत आले.