नमुना सव्वीस

४ ऑक्टोबर, शनिवार

आज नमुना चौदा. चवीच्या टेबलावर आम्ही नऊ जण, त्यातल्या सात जणांच्या घरी मटण कधी शिजलेलं नाही. आणि हे ठरवणार, सोयाबीन-वाटाण्याचं मटण मटणासारखं लागतं की नाही! आकाश सरांनी डोळे मिटून चावलं आणि दहापैकी आठ गुण दिले. "एकदम ऑथेंटिक." मी विचारलं, सर, खरं मटण कधी खाल्लंत? "कॉलेजात एकदा. बिर्याणीतून, चुकून." विशाखानं आणि मी चार-चार गुण दिले. लॅबमध्ये आम्ही दोघीच खाणाऱ्या घरच्या. सरासरी सात आली, तीच फळ्यावर लागली.

घरी पाव किलो घेऊन आले, मामांसाठी. मामा म्हणजे माझे सासरे, कडूबा. पन्नास वर्षं कन्नडच्या घाटात मेंढरं राखली. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं — किडन्या निम्म्याच्या खाली आल्यात, मटण बंद, मीठ कमी. तेव्हापासून माणूस जेवतच नाही. परवा दसऱ्याला भावकीत बोकड पडलं, मामांच्या ताटात वरण. भिंतीकडं तोंड करून बसले. मला बघवलं नाही.

येसराचा मसाला घालून रस्सा केला. खोटं सांगितलं नाही. "मामा, सोयाबीनचं आहे, आमच्या कंपनीचं. कसं झालंय तेवढं सांगा." एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चावत बसले.

"ह्या बोकडानं कधी डोंगर बघितला नाय."

पण ताट पुसून खाल्लं. महिन्याभरात पहिल्यांदा! आत्या — माझ्या सासूबाई — पदर तोंडाला लावून चुलीपाशी उभ्या होत्या.

९ ऑक्टोबर, गुरुवार

नमुना सतरा. मामा म्हणाले, "रस्सा मटणाचा, तुकडा चपलेचा." तेच मी लॅबच्या भाषेत लिहिलं — धागा आखूड, ओलावा कमी, चावताना दबत नाही. मशीनचं तापमान बदलून बघितलं तर खरंच धागा सुटला! आकाश सर सगळ्यांसमोर म्हणाले, "रत्नमाला, तुमची जीभ सोन्याची आहे." नमुना बाहेर नेणं नियमात बसत नाही, जीभ कुणाची हे कुठं सांगत बसू?

मामा ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "मी बी सुनेच्या कंपनीत लागलोय. तिचं काम हाताचं, माझं दाताचं." दात उरलेत अकरा.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

नमुना एकोणीस. मामा: "तोंडात हाय तवर बरं हाय, गिळलं की कायच ऱ्हात नाय मागं." चरबी वाढवायला पाहिजे.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

चार नमुने झाले, मामांचा एकच शब्द — आळणी. मीठ वाढवलं तर आकाश सर ओरडतात. त्यांना पाकिटावर 'मीठ कमी' असं मोठ्या अक्षरात छापायचंय, शहरातले लोक तेच वाचून घेतात म्हणे. आज डोक्यात आलं — अर्धं साधं मीठ काढून त्या जागी पोटॅशियमचं मीठ घालायचं. दिसायला तेच, खारटही तेवढंच, फक्त मागून जरा कडू. कडूपणा भाजलेल्या कांद्यात दडपला. टेबलावरच्या बाकीच्या आठ जणांपैकी एकालाही कळलं नाही.

मामांना कळलं! "मागून कायतरी येतंय. निंबोळी चावल्यावानी." कांदा आणखी वाढवला, थोडं आमसूल. दुसऱ्या घासाला म्हणाले, "आता गेलं."

कल्पना माझी, एकटीची. आणि घरीही कामाचीच. डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय, हे मीठ कमीच आहे. मटण नको म्हणाले, हे मटण नाहीच. फोनवर वाचलंय, किडनीला प्राण्यापेक्षा झाडाचं प्रोटीन बरं. आज फार बरं वाटतंय.

२ नोव्हेंबर, रविवार

नमुना सव्वीस. मामांनी नऊ गुण दिले!! दहा का नाही, विचारलं. "धा देवानं केलेल्या मेंढराला. तू काय देव हायेस व्हय?"

आता रोज खातात, सकाळ-संध्याकाळ. कंपनीत नमुन्यांचे ढीग पडलेत, मी डबा भरून आणते. आत्या शेजारच्या सरूबाईंना सांगत होत्या, "सुनेनं जगिवलं बगा ह्यान्ला." रामप्रसादनं माझ्यासाठी येताना गजरा आणला. लग्नाला आठ वर्षं झाली, गजरा तिसरा असेल. वाळूजच्या कारखान्यातल्या शिफ्टमधून थकून येतो, पण आल्या आल्या बापापाशी बसून विचारतो, आज किती गुण दिले? दोघं हसतात. हे घर असं हसताना मी फारसं बघितलेलं नाही.

पाकिटावरचा पोषणाचा तक्ता भरून दिला. शंभर ग्रॅमला प्रोटीन एकोणीस. बोकडाच्या तोडीस तोड.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मामांचे पाय गळाल्यासारखे झालेत. "मेणाचे झालेत," म्हणतात. छातीत धडधडतं म्हणाले. अशक्तपणा असणार, महिनाभर उपाशी काढलाय. दोन्ही वेळेला चार तुकडे जास्त वाढले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी मामा अंगणात कोसळले. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. छातीला तारा लावल्या, रक्त घेतलं, आणि एकदम सगळे पळायला लागले. पोटॅशियम ७.१, पाचाच्या आसपास हवं ते. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर उशीर झाला असता तर हृदय बंद पडलं असतं.

"काय खाल्लं होतं ह्यांनी?"

रामप्रसाद म्हणाला, "काय नाय साहेब. मटण तर बंदच हाय. माझी बायको त्याच लाइनीत हाय, खाण्यापिण्याचं समदं तीच बघती."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी बाटलीतल्या सलाईनकडं बघत राहिले.

१६ नोव्हेंबर, रविवार

रविवार असूनही लॅबला गेले. तक्ता काढला. शंभर ग्रॅमला पोटॅशियम ११४० मिलिग्रॅम. आकडा माझ्या अक्षरात, खाली सही माझी. मामांना दिवसाला दोनशे, कधी तीनशे ग्रॅम. मी केमिस्ट्रीची पदवीधर! खराब किडनीला पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही, हे मला परीक्षेला होतं. मीठ कमी, मीठ कमी, एवढंच डोक्यात घोळवत बसले. त्या मिठाच्या जागी काय घातलं ते मीच घातलं होतं आणि मलाच आठवलं नाही. लाज वाटते, एवढं नुसतं लिहून भागत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मामा घरी आले. एकदा मशीनवर रक्त धुतलं, आता दर आठवड्याला तपासायचं. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं, "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात, घरच्यांना नीट समजावून सांगा." केळी बंद, बटाटा बंद, टोमॅटो बंद, मग ते कमी सोडियमचं मीठ मिळतं ते अजिबात नको, मग पुढं शहाळं वगैरे आणखी पाच-सहा गोष्टी.

घरी येऊन सांगायला बसले. केळी, बटाटा, टोमॅटो. मिठापाशी आले आणि थांबले. आत्या, रामप्रसाद, दोघं माझ्या तोंडाकडं बघत होते. "एवढंच," म्हणाले मी.

फ्रीजरमधले डबे गुपचूप नेऊन उकिरड्यावर रिकामे केले. कुत्री जमली. घरात सांगितलं, कंपनीनं नमुने देणं बंद केलं.

मामा म्हणाले, "म्हंजी माझी नोकरी गेली म्हण की."

उद्या सांगते. रामप्रसादला आधी, एकट्याला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

नाही सांगितलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

पाकीट छपाईला जाणार. बैठकीत विशाखा उठून म्हणाली, "सर, ह्यात पोटॅशियमचं मीठ आहे. किडनीच्या रुग्णांनी खाऊ नये, अशी एक ओळ समोर टाकायला पाहिजे. माझ्या आजीची किडनी गेली होती, मला माहीत आहे."

आकाश सरांचं तोंड कडू झालं. 'मीठ कमी' च्या खाली 'खाऊ नये' कोण छापणार? ते माझ्याकडं वळले. "रत्नमाला, हा फॉर्म्युला तुमचा. तुम्ही म्हणाल ते."

मी म्हणाले असते, छापा. तोंडापर्यंत आलं होतं. पण मग ते पाकीट कधीतरी घरी येणार, रामप्रसाद वाचणार, आणि महिनाभर बापाच्या ताटात काय पडलं ते त्याला कळणार. माझ्या हातानं. तो मला काही बोलणार नाही, हेच वाईट. नुसता बघेल.

"गरज नाही सर. मागं घटकांच्या यादीत आहेच की, बारीक अक्षरात."

विशाखा खाली बसली. जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा दुसऱ्या टेबलावर नेला.

स्वतःशी म्हणते, घरात आता येणारच नाही ते. मामा सुखरूप आहेत. ह्या आठवड्याचं पोटॅशियम ४.९. झालं ना सगळं नीट?

४ डिसेंबर, गुरुवार

मला सीनियर केलं. मंगळवारी पुण्याला जायचंय, तिथं मोठा कार्यक्रम, चार दिवस. माल सोमवारपासून दुकानांत. इथल्याही.

मामा पुन्हा जेवत नाहीत. आत्या ज्वारीच्या कण्या शिजवतात, मामा बोटानं उकरून ठेवून देतात. आज मला जवळ बोलावलं. "माझं सव्वीस नंबरचं दुकानात लागणार म्हनं?" मी हो म्हणाले. "मग एकदा घास तरी दे की त्याचा. नऊ दिल्यात म्या त्याला." मी म्हणाले, मामा, ते तुम्हाला चालत नाही. "का नाय चालत? मटण थोडंच हाय त्ये?"

रामप्रसाद समोरच बसला होता. त्यानंही विचारलं, "खरंच गं, का नाय चालत?"

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. दोघंही विचारत होते, सरळ विचारत होते. मी म्हणाले, "डॉक्टरांना विचारून बघू," आणि भाजी चिरायला आत गेले.

पुण्याहून आले की सांगते. शपथ.

१३ डिसेंबर, शनिवार

मामा गेले. काल दुपारी.

पुण्यात स्टेजवर होते. कुणीतरी माझ्या हातात फुलं दिली, आकाश सर माईकवर माझ्या सोन्याच्या जिभेबद्दल बोलत होते. फोन पर्समध्ये थरथरत होता, मी उचलला नाही. अकरा मिस्ड कॉल.

मिळेल त्या बसनं आले. रामप्रसाद दारातच होता. मला धरून रडायला लागला आणि रडता रडता सांगत सुटला. बुधवारी टीव्ही सेंटर चौकातल्या किराणा दुकानात त्याला आमचं पाकीट दिसलं. बाप तीन दिवस नीट जेवला नव्हता. चार पाकिटं घेतली. "मटण नाय दिलं म्या, रत्ना. तुझंच दिलं. आधी पाकीट सगळं वाचून बघितलं, समोर, मागं, चष्मा लावून. कुठंच खाऊ नका म्हणून लिहिलेलं नव्हतं. उलट मीठ कमी हाय लिहिलंय. बाबा लई खूश झाले. दोन दिवस पोटभर जेवले. म्हणले, माझं हाय हे."

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. दुसरं काय करणार होते?

१६ डिसेंबर, मंगळवार

घर माणसांनी भरलेलं. रामप्रसाद माझ्यासमोर येऊन बसला, सगळ्यांच्या देखत विचारलं, "डॉक्टर म्हणले पोटॅशियम लई वाढलं होतं. ते कशानं वाढतं गं? तू शिकलेली हायेस."

मामा गेले त्या शुक्रवारी सकाळी सरूबाईंनी शहाळं आणून दिलं होतं. आत्यांनी त्यातलं पेलाभर पाणी मामांना पाजलं. नको म्हणून त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मी म्हणाले, "नारळपाण्यानं."

आत्या दारातच बसल्या होत्या.