बोटीत सगळं घेतलंय

उदगीर, दुकानाच्या गादीवरून

ती. उमाशंकरमामांस,

वीरण्णाचा शरणु शरणार्थी. तुमचं बीपी, मामींची कंबर आणि नुकतीच व्यालेली म्हैस, तिघांचंही बरं असेल अशी आशा करतो. मी इकडं ठणठणीत आहे. तुम्ही माझा फोन उचलून नाही राहिलात म्हणून हे पत्र. फोन नुसता वाजू देता येतो, पण पोस्टमन दारात उभा राहिला की हात पुढं करावाच लागतो. आमच्या घरातल्या सध्या मुरुडला तुमच्याकडं मुक्कामाला आहेत, त्यांचीही तब्येत कशी काय आहे ते जमल्यास कळवावं. (मी विचारलं असं सांगू नका.) पण हे पत्र त्यासाठी नाही. तुमची बहीण बोटीच्या उद्घाटनातून उठून तडक माहेरी आली, त्यामुळं तुमच्या कानावर एकच बाजू गेलेली आहे. तुम्ही बीपीचं निमित्त करून कार्यक्रमाला आला नाहीत. आला असता तर मला एवढी शाई खर्च करावी लागली नसती.

आडतीचं दुकान तुमच्या भाच्याच्या, शिवकुमारच्या हवाली केल्यापासून बोट घ्यायची असं माझ्या मनात होतं. लोक हसले. लातूर जिल्ह्यात बोट? इथं नळ सुटला तर माणसं अर्ध्या जेवणातून उठतात! मी म्हटलं, हसा. जळकोटच्या अलीकडं तलाव भरलेला आहे, परवाना रीतसर काढलेला आहे, आणि जन्मभर मी तुरीच्या पोत्यांकडं बघितलं, आता पाण्याकडं बघणार. बोट साधीसुधी नाही, केबिनची. आत दोघं आडवे होतील, बाहेर सहा बसतील, चहा होईल. मामा, माझा विचार एवढाच होता की संध्याकाळी जगदेवीला घेऊन पाण्याच्या मधोमध जायचं आणि दोघांनी चहा प्यायचा. दुकानापायी तिच्यासोबत निवांत चहा कधी झालाच नाही. यात रागावण्यासारखं काय आहे तुम्हीच सांगा.

बोटीचा विक्रेता गोव्याचा. माणूस बोलायला लई गोड. तो व्हिडिओ कॉलवर म्हणाला, ‘शेठ, बोट तर झाली, आता ऑप्शन सांगा.’ म्हणजे बोट नुसती घेतली तर ती नुसतीच येते, बाकी जे काय लागतं ते आपण निवडायचं. पहिलाच ऑप्शन त्यानं काढला मासे शोधायच्या यंत्राचा. मी म्हटलं, बाबा रे, आम्ही लिंगायत माणसं, आम्ही माशाचा पत्ता काढून त्याच्याशी काय बोलायचं? तो म्हणाला, तेच यंत्र बोटीखाली पाणी किती खोल आहे तेही दाखवतं. मग घेतलं, पण पडद्यावर मासा दिसता कामा नये या अटीवर. आता खोलीचा आकडा दिसतो, मासा खालून गेला तरी आम्हाला कळत नाही, त्याचं त्याला आमचं आम्हाला.

नंतर रडार. धुक्यात समोरचं जहाज दिसावं म्हणून असतं. आमच्या तलावात धुकं नाही, जहाज नाही, आणि पलीकडच्या काठावर म्हैस धुणारा माणूस चष्म्याशिवायही दिसतो. तरी घेतलं. उदगीरात कुणाकडं नाही! मग नकाशाचा पडदा. त्यात अख्खा समुद्र भरलेला आहे, आमचा तलाव तेवढा नाही, त्यामुळं त्याच्या मते माझी बोट कुणाच्या तरी वावरात उभी आहे. (चूक नकाशाची आहे, बोटीची नाही.) वायरलेसचे दोन संच घेतले, एक बोटीत आणि एक काठावर राखणीला बसणाऱ्या व्यंकटीकडं. व्यंकटी वायरलेसवर बोलतो तेव्हा त्याचा आवाज आधी हवेतून येतो आणि मग यंत्रातून, पण दोन्हीकडून स्पष्ट येतो. फ्रीज घेतला, पंखा घेतला, टीव्ही घेतला. सुकाणूला हात न लावता ठरवलेल्या दिशेनं बोट आपली आपण चालवणारं यंत्रही घेतलं, त्याला ऑटोपायलट म्हणतात. आणि सगळ्यात वर भोंगा बसवला, म्हणजे लाऊडस्पीकर. दुसऱ्या बोटीला हाक मारायला लागतो. दुसरी बोट अजून तलावात आलेली नाही, पण आली तर आपली तयारी असावी.

ही निवड चालू असताना जगदेवी स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘अहो, चढायला पायरी हाय का?’ मी तेव्हा रडारचा रंग पांढरा की करडा यात गुंतलेला होतो. मी म्हटलं, ‘अगं, सगळं घेतलंय.’ हे मी खोटं बोललो नाही, मामा. मला खरंच तसं वाटत होतं.

उद्घाटनाला जंगमस्वामी आले, पाहुणे आले, तुमची लेक दीपमाला मुरुडहून गाडी घेऊन आली. आपल्याकडं नव्या धंद्याची पूजा वजनांशिवाय होत नाही हे तुम्हाला सांगायला नको, तुमचीही आडत आहे. वडलांच्या काट्याची वीस किलोची जुनी वजनं मी दुकानातून मुद्दाम नेली होती. हळदकुंकू लावून, बेल वाहून, सुकाणूच्या सीटखालच्या कप्प्यात ठेवली. चांगली जागा होती, तिथं होकायंत्राची एक छोटी डबी सोडली तर काहीच नव्हतं. नारळ फुटला, पाहुणे एकेक करून चढले. बोटीचा काठ कमरेएवढा उंच. माणसं धोतर सावरून, तंगडी टाकून चढली. जगदेवी खाली तलावाकाठीच उभी राहिली. तिचा गुडघा तुम्हाला माहीत आहे. दोघं जण म्हणाले, ‘काकू, धरून उचलतो.’ ती म्हणाली, ‘न्हाई, ऱ्हाऊ द्या, तुमी फिरून या.’ आता मी नवरा माणूस, मला वाटलं धीर द्यावा. हाताशी भोंगा होताच. मी म्हटलं, ‘जगदेवी, गुडघा वाकव! काही होत नाही!’

मामा, भोंग्याचा आवाज अतिशय उत्तम आहे. पलीकडच्या काठावरच्या माणसानं म्हशीवरून मान वळवून बघितलं. इकडचे सगळे हसले. जगदेवीनं पदर नीट केला आणि बाभळीखाली जाऊन बसली.

मला वाटलं, एक चक्कर मारून येऊ, तोवर ती निवळेल. ऐटीत ऑटोपायलटचं बटण दाबलं आणि हात छातीवर बांधून उभा राहिलो. बोट निघाली ती डावीकडं वळायला लागली. वळतच राहिली. पाहुण्यांना आधी गंमत वाटली. दर फेरीला बाभूळ समोर यायची, बाभळीखाली तुमची बहीण, आणि दर फेरीला तिचं तोंड दुसरीकडं. मी यंत्राला म्हटलं, चूक तुझी तूच सुधार, मी बटण बंद करणार नाही, चारचौघांत माघार घ्यायची माझी सवय नाही. शेवटी जंगमस्वामी म्हणाले, ‘वीरण्णा, प्रदक्षिणा पुरे, मला घेरी येऊन राहिली.’ तेव्हा बंद केलं. हातानं काठाला आणली तर बाभळीखाली कुणी नव्हतं. दीपमाला तिला गाडीत घालून मुरुडला घेऊन गेली होती.

गोव्याला फोन लावून मी खडसावलं. तो म्हणाला, ‘शेठ, ऑटोपायलट होकायंत्रावर चालतो, त्याच्याजवळ लोखंड ठेवू नका असं बजावलं होतं.’ मी म्हटलं, ठेवलंच नाही. ‘मग तिथं काय आहे?’ वजनं आहेत. ‘शेठ, ती आधी बाहेर काढा.’ मामा, तुम्हीच न्याय करा. आपल्या घरात वजनाला लोखंड कोण म्हणतं? वजन म्हणजे लक्ष्मी. लक्ष्मीला लोखंड समजणारं यंत्र त्यानं इकडं विकायलाच नको होतं. असो. वजनं आता दुकानात परत नेली आहेत, बोट सरळ चालून राहिली आहे, आणि माझ्या निवडीत मला कुठंही खोट दिसत नाही. मामींना नमस्कार, दीपमालाला आशीर्वाद. (गाडी जरा हळू चालव म्हणावं.)

आपला,
वीरण्णा

ता. क. रडार परत पाठवून राहिलो. रंग पसंत पडला नाही.

ता. क. एक बारीक काम होतं. तुमच्या ओसरीच्या पायऱ्या ती काही न धरता चढते, हे मी दर दिवाळीला बघतो. त्यातली एक पायरी टेपनं मोजून उंची कळवा. सुतार खोळंबला आहे. आणि हाताला धरायची दांडी डावीकडं लावू की उजवीकडं तेही बघून सांगा. ती दिवा लावायला उठेल तेव्हा हळूच बघा, तिला विचारू नका.

ता. क. बरं, विचाराच. माझ्या नावानं विचारा.

ता. क. भोंगा मी स्वतः पाना घेऊन काढला. आता बोटीत मी काही बोललो तर शेजारी बसणाऱ्यालाच ऐकू जातं. काल संध्याकाळी चहा घेऊन मधोमध गेलो होतो. चहा चांगला झालाय, असं म्हणालोसुद्धा.