घास भरवण्याची परीक्षा

१४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार, माझ्या बाबतीत तो चाकाच्या खुर्चीतूनच गोड मानून घे. तुझा गुडघा काय म्हणतो? मी ठणठणीत. वजन वाढलंय, पण त्याची तक्रार मला उचलणाऱ्यांची आहे, माझी नाही.

त्या संशोधक बाई आठवतात ना? म्हाताऱ्या आणि अपंग माणसांची देखभाल कशी सुधारेल याचा अभ्यास करणाऱ्या, ज्यांच्या प्रयोगासाठी तू मला तीन महिने इथे सोडलंस. त्यांनी विचारलं, काय बदलायला हवं? मी म्हटलं, "आम्हाला आंघोळ घालणारी माणसं आम्हाला निवडू द्या." बाईंनी ते चक्क मनावर घेतलं!

मग काय, मी आणि शेजारच्या खोलीतल्या हेडमास्तरीणबाई परीक्षक. प्रत्येक उमेदवाराला हेडमास्तरीणबाई स्वतः भात भरवायच्या, आमच्यासारख्यांना आजवर भरवला गेला तसाच. तोंडातला घास संपायच्या आत दुसरा. बिचारे नोकरीच्या आशेने मुकाट गिळत राहिले. एका शिंपीकाम सोडून आलेल्याने मात्र त्यांचा हात धरला. "अहो बाई, जरा दम खा! आधीचा गिळू तर द्या."

"हाच!" त्या ओरडल्या. "याला आमचं 'थांब' कळेल."

पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "दादा, आंघोळ कधी?" मी सवयीने म्हटलं, "सकाळी." "नेहमीची नाही हो, तुम्हाला कधी आवडेल?" तुझ्या ऑफिसच्या आधी माझं सगळं उरकायचं, तेव्हा आवडनिवड कुठली? तू माझ्यासाठी जिवाचं रान केलंस, त्यात तुझा काय दोष! पण आता मी संध्याकाळी आंघोळ करतो आणि गातोसुद्धा. सूर चुकला की हेडमास्तरीणबाई भिंतीवर थापा मारतात.

एवढं पाल्हाळ लावलं, कारण खरी गोष्ट लिहायला हात धजत नव्हता. रविवारी तू मला न्यायला येणार. माझ्या खोलीला रंगही दिलास म्हणे. ताई, मी परत येत नाहीये. प्रयोग संपला तरी ज्यांना हवं त्यांना इथे राहता येईल, आणि मी हो म्हणून बसलोय. रागावून नाही गं. मला इथे फार मजा येते म्हणून.

तू रडशील, ठाऊक आहे. रडून झालं की ती बढतीची बदली घेऊन टाक. माझ्यापायी दोनदा नाकारलीस, ते मला कळलं नाही असं वाटलं का तुला?

रविवारी ये मात्र नक्की. फक्त आधी फोन कर. मी घरी असेनच असं नाही.

तुझा,
धाकटा